नोकरी सांभाळून ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट’ची पदवी घेता येईल का?

अंबडचा_डिप्लोमावाला

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो असून गेली दोन वर्षे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या उभ्या कर्तन यंत्रांच्या) विभागात काम करतो. पाळी दर आठवड्याला बदलते. घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडणे शक्य नाही; परंतु पदवीशिवाय सुपरवायझरच्या पुढे जाता येणार नाही, हेही आता दिसू लागले आहे. ऑस्ट्रेलियात ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट’ अशी तीन वर्षांची वेगळी पदवी असते, असे वाचनात आले. आपल्याकडची बी.टेक. म्हणजे तीच का? की गंगापूर धरणाजवळचे मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे, तर तेथून बाहेरून बी.ई. करावे? एका शिकवणीचालकाने ‘वर्गात न बसता दोन वर्षांत बी.टेक.’ मिळवून देण्याची तयारीही दाखवली आहे.

गोदाकाठ

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात पैसे बुडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही, आणि ही बंदी मुक्त विद्यापीठांनाही लागू आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत कठोर निकाल दिला, तेव्हा अनेकांची बढती धोक्यात आली होती. त्या शिकवणीचालकाला नम्रपणे नमस्कार करावा.

आता नावाचा गोंधळ. टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट या दोघांनाही आपण मराठीत ‘तंत्रज्ञ’ म्हणून मोकळे होतो, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. आपल्याकडची बी.टेक. ही बी.ई.च्याच बरोबरीची, चार वर्षांची अभियंत्याची पदवी आहे. टेक्नॉलॉजिस्टसाठी वेगळी अभियांत्रिकी पदवी आपल्याकडे रुळलेली नाही. तीन वर्षांची बी.व्होक. (व्यावसायिक शिक्षणाची पदवी) रचनेने तिच्या जवळ जाते. आयोगाने 2014 मध्ये आखलेल्या या अभ्यासक्रमात साधारण 60 टक्के भाग कौशल्याचा असतो. मात्र जाहिरातीत बी.ई. किंवा बी.टेक. असे लिहिलेले असेल, तर तिथे बी.व्होक. चालेलच असे धरून चालू नये.

तुमच्यासाठी सरळ वाट अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेण्याची आहे. पदविकेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही, आणि तीन वर्षांत पदवी हाती येते. शिवाय 2023-24 पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने) नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरलेल्या अंतरात असावे लागते. कोणत्या महाविद्यालयाला, कोणत्या शाखेसाठी मान्यता आहे, हे प्रवेशाच्या वर्षी सीईटी कक्षाच्या यादीतच पाहावे.

एक सावधगिरी: पदविकेची मुले येतात तेव्हा त्यांचा हात यंत्रावर बसलेला असतो, पण पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते, आणि समोर लाप्लास रूपांतरण उभे राहते. जूनपर्यंत वाट न पाहता कलनशास्त्र आत्ताच काढावे.

सातपूरची_पाळी

गुणवत्ता विभागात माझी वीस वर्षे गेली. सरांनी वाट सांगितली. त्या वाटेने गेल्यावर कामात काय बदलते, ते मी सांगतो.

समजा, 40 मिमी व्यासाचे, एच7 सहिष्णुतेचे भोक आहे, म्हणजे अधिक 25 मायक्रॉन, उणे शून्य. भाग गेजमध्ये बसला की ऑपरेटर पुढे सरकतो. मापांचे प्रमाण विचलन 4 मायक्रॉन असेल आणि सरासरी अगदी मध्यावर असेल, तरी सीपीके, म्हणजे प्रक्रिया मर्यादेत किती सहज बसते ते सांगणारा आकडा, निघतो 12.5 (मध्यापासून मर्यादेपर्यंतचे अंतर) भागिले 12 (विचलनाची तिप्पट), म्हणजे 1.04; ग्राहक सहसा 1.33 मागतो. हत्यार झिजून सरासरी 12.5 वरून 8 कडे सरकली, तर टूल ऑफसेटने, म्हणजे यंत्रात हत्याराचे स्थान थोडे बदलून, ती सांभाळता येते. पण मध्यावर असूनही आकडा अपुरा असेल, तर कितीही ऑफसेट दिला तरी उपयोग नाही, कारण दोष पसरटपणात आहे. मग फिक्श्चरची पकड, स्पिंडल, शीतद्रव, कास्टिंगमधील फरक यांपैकी कारण शोधून विचलन 3.1 पर्यंत आणावे लागते. हे खरे टेक्नॉलॉजिस्टचे काम आहे. त्या भागाची भिंत मुळात इतकी पातळ का ठेवली आणि भाराखाली ती किती वाकेल, हा प्रश्न अभिकल्प करणाऱ्या अभियंत्याचा. तुम्हाला यांपैकी कोणत्या प्रश्नाने झोप लागत नाही, ते आधी स्वतःला विचारा. मला स्वतःला दुसऱ्या प्रश्नाने कधीच त्रास दिला नाही.

आता_ब्रिस्बेन

मूळचा सिडकोचा. इथे तीन पायऱ्या स्पष्ट आहेत: चार वर्षांच्या पदवीचा अभियंता, तीन वर्षांच्या पदवीचा टेक्नॉलॉजिस्ट आणि दोन वर्षांच्या शिक्षणाचा असोसिएट. त्यांच्या परस्पर मान्यतेसाठी अनुक्रमे वॉशिंग्टन (1989), सिडनी (2001) आणि डब्लिन (2002) असे करार आहेत. भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. परंतु त्याचा लाभ एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) टिअर-1 मान्यतेच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि ही मान्यता विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त संस्था यांच्यासाठी असते. केवळ संलग्न असलेल्या महाविद्यालयाची पदवी त्यात येत नाही. तसे झाले तर आपल्या कामाचे तीन सविस्तर वृत्तान्त लिहून क्षमता दाखवावी लागते. मी तेच केले, आणि सातपूरला भरलेल्या जुन्या डायऱ्या तेव्हा कामी आल्या.

अंबडचा_डिप्लोमावाला

सर्वांचा आभारी आहे. शिकवणीचालकाला आजच नकार कळवला. सातपूरच्या काकांनी सांगितल्यावर काल आमच्या यंत्रावरील पन्नास भागांची मापे मांडून पाहिली, तर सीपीके 0.9 आला. हे पर्यवेक्षकांना दाखवावे की नाही, या विचारात आहे.

सातपूरची_पाळी

दाखवा, मात्र त्याआधी त्यांतल्याच दहा भागांची मापे दुसऱ्या माणसाकडून, त्याच बोअर गेजने पुन्हा घेऊन पाहा. अनेकदा फरक यंत्राचा नसतो, मोजणाऱ्याच्या मनगटाचा असतो.