शाळेच्या ग्रंथालयासाठी १८ हजार मिळालेत, काय घेऊ? (कपाटं सध्या कुलपात)

चार्जवाली_मॅडम | रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. पाचवी ते दहावी, पट ४३०. एवढ्या पटाला ग्रंथपालाचं पद नाही, त्यामुळे ग्रंथालयाचा चार्ज दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडतो, या जूनपासून तो माझ्या गळ्यात आहे. दाखल रजिस्टरला (आलेलं प्रत्येक पुस्तक दाखलांक देऊन जिथे नोंदवतात ते) २३१० पुस्तकं. चार लोखंडी कपाटं, चारही ऑफिसात, किल्ल्या मामांकडे. परवा उघडली तर एका कप्प्यात जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं, दुसऱ्यात कुठल्यातरी योजनेतून आलेल्या एकाच पुस्तकाच्या २२ प्रती, गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडलेली नाही. देवघेवीची शेवटची नोंद फेब्रुवारी २०१९ ची.

आता १९९८ च्या दहावीच्या बॅचनं गेट-टुगेदरला १८,००० रुपये दिलेत, खास ग्रंथालयासाठी. वेगळी खोली नाही पण प्रयोगशाळेला लागून बंदिस्त व्हरांडा आहे. एक स्मार्ट टीव्ही, एक जुना लॅपटॉप, नेट आलं तर आलं. काय घेऊ, सुरुवात कशी करू? १८ च्या वर एक रुपया नाही, त्यातलंच सांगा प्लीज.

निवृत्त_ग्रंथपाल | रात्री ९:४०
ताई, आधी काहीही विकत घेऊ नका. आधी पडताळणी. दाखल रजिस्टर समोर ठेवून एकेका पुस्तकाला हात लावून टिक करा. जे सापडत नाही त्याची वेगळी यादी, फाटलेल्याची वेगळी, बाद करण्यासारख्याची वेगळी, आणि तिन्ही याद्यांवर मुख्याध्यापकांची सही. हे न करता चार्ज घेतला असेल तर आधीची गहाळ पुस्तकं तुमच्या नावावर चढली असं समजा. मी ३१ वर्षं ग्रंथपाल होतो, त्यातली ११ अर्धवेळ, अर्ध्या पगारावर. माझ्या काळात एकूण ९ पुस्तकं गेली. नऊच. नावं आजही पाठ आहेत.

कोड_आणि_कांदेपोहे | रात्री ९:५८
आजच्या काळात रजिस्टर कोण लिहितं? कोहा टाका, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, न्यूझीलंडमध्ये एका लायब्ररीनं करून घेतलं आणि २००० पासून जगभर वापरतात. बारकोड स्कॅनर दीड-दोन हजारात येतो. जमलं तर आरएफआयडी टॅग लावा, दारात गेट, पुस्तक न नोंदवता कोणी बाहेर नेलं की लगेच बीप. आमच्या सोसायटीच्या लायब्ररीत मी एकट्यानं दोन वीकेंडमध्ये बसवलं होतं.

मास्तर_रायगडचा | रात्री १०:०३
दारात गेट म्हणतायत, त्यांच्याकडे दारच नाही. व्हरांडा आहे हो दादा. 😄

कोड_आणि_कांदेपोहे | रात्री १०:०७
व्हरांड्याला पण एन्ट्री असतेच ना. आणि कोहा नको असेल तर ई-ग्रंथालय आहे, एनआयसी म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक विभागाचं, सरकारी ग्रंथालयांना देतात.

मास्तर_रायगडचा | रात्री १०:२१
कोहाला सर्व्हर लागतो, लिनक्स लागतं आणि ते बिघडल्यावर पुण्याहून तुम्ही लागता. २३०० पुस्तकांना एक एक्सेल शीट भरपूर झाली. दाखलांक, नाव, लेखक, विषय, कोणाकडे, कधी नेलं. सहा रकाने. भरायचं काम आठवी-नववीच्या पोरांना द्या, माझ्याकडच्या चौघांनी १४०० नोंदी दिवाळीच्या आत संपवल्या, आणि गंमत म्हणजे भरता भरता तीच सगळ्यात जास्त वाचायला लागली.

आता माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. कुठल्यातरी प्रशिक्षणात पाहून वर्गात सुतळ्या बांधल्या आणि पातळ चित्रांची पुस्तकं चिमट्यांनी लटकवली. मुलं तुटून पडली, खरंच. पण मी लावली जुलैत. कोकणातला जुलै. आठवड्यात पुस्तकं पुरीसारखी फुगली आणि चिमट्यांच्या गंजाचे डाग मुखपृष्ठांवर. तुमच्याकडे पाऊस कमी आहे, तुम्हाला जमेल, पण चिमटे प्लास्टिकचे घ्या.

हडपसरची_आई | रात्री १०:३५
मासिकं लावा!! मोठी पुस्तकं बघून मुलं घाबरतात. बालभारतीचं किशोर आहेच, शिवाय वयम् आहे, लहानांना चिकूपिकू. माझ्या मुलीला मासिकामुळेच गोडी लागली, आता चौथीत आहे आणि एका बैठकीत अख्खा अंक संपवते, तिच्या बाई म्हणाल्या अशी मुलगी वर्गात दुसरी नाही.

पोस्टाचा_बळी | रात्री १०:४१
मासिकं लावा पण अंक येतात का ते बघा. मी गावाकडच्या शाळेला वर्गणी भेट दिली होती, बारातले पाच पोचले आणि दिवाळी अंक तर मला वाटतं वाटेतच कोणीतरी वाचून संपवला.

निळी_पेन्सिल | रात्री १०:५६
पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी सांगते, मग १८ हजारांचं बघू.

किशोरचे जुने अंक, अगदी १९७१ पासूनचे, स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलेत. नेट असेल त्या दिवशी उतरवून लॅपटॉपवर ठेवा. स्टोरीवीव्हर म्हणून प्रथम बुक्सची साइट आहे, मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्यांत लावलेल्या, आणि परवाना मोकळा आहे त्यामुळे छापून वाटल्या तरी चालतं. आम्ही टीव्हीवर पान लावतो आणि बाई मोठ्यानं वाचतात, शेवटच्या बाकावरच्यालाही चित्र दिसतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. आणि नेट बेभरवशाचं असेल तर किविक्स बघा, अख्खा मराठी विकिपीडिया पेन ड्राइव्हवर मावतो आणि नेटशिवाय चालतो.

टीव्हीचा अजून एक उपयोग. महिन्यातून एक तास मी व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज लावते आणि मुलांना सांगते, खरा की खोटा शोधा. सुरुवात केली त्या जुन्या फॉरवर्डनं, युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं म्हणून. मुलांनी युनेस्कोच्या साइटवर शोधलं, तारीख शोधली, मूळ बातमी शोधली, काही मिळेना. मग एक मुलगा हळूच म्हणाला, बाई, हा मेसेज शाळेच्या ग्रुपवर सरांनीच टाकलेला. पुढची पाच मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. भूगोलाला तर सोन्यासारखी संधी आहे, पावसाळ्यात धरण फुटल्याचे फोटो येतातच की.

जर्सीकर | रात्री ११:३०
इकडे न्यू जर्सीत माझ्या मुलाच्या शाळेत ग्रंथपालाला मीडिया स्पेशालिस्ट म्हणतात. थ्रीडी प्रिंटर आहे, बसायला बीन बॅग आहेत, पुस्तकं तर आहेतच. तुम्ही निदान १० टॅब घ्या, ई-बुक्स टाका, कपाटाचा प्रश्नच मिटला. आमच्या मंडळातर्फे इंग्रजी पुस्तकांची खोकी पाठवू शकतो, चांगल्या कंडिशनची आहेत.

मास्तर_रायगडचा | सकाळी ६:५०
१८ हजारात १० टॅब कुठे मिळतात तेही कळवा, मी पण घेतो.

निवृत्त_ग्रंथपाल | सकाळी ७:०५
देणगीची पुस्तकं सरसकट घेऊ नका. माझ्याकडे एका सद्गृहस्थांनी वडिलांचा संग्रह दिला, सोबत त्यांच्या नावाच्या पाटीची अट. निघालं काय, आयकराची मार्गदर्शकं, पंचांगं आणि होमिओपॅथी. पाटी लावली, पुस्तकं कोणी कधी मागितली नाहीत, पण दाखल केल्यामुळे दर पडताळणीला मोजत बसलो. देणारा बाहेर जाऊन मोठा होतो आणि कपाट आपलं भरतं.

जर्सीकर | सकाळी ७:४०
बरं, मदत करायला गेलो तर हे. राहिलं.

निळी_पेन्सिल | सकाळी ७:५५
जर्सीकर, रागवू नका. खोक्यांच्या भाड्याचे पैसे इकडे पाठवलेत तर मराठी पुस्तकं येतील, एवढंच म्हणणं आहे.

वाळवीग्रस्त | सकाळी ८:१०
सगळे पुस्तकं घ्या म्हणतायत, ती टिकणार कशी? व्हरांड्यात ठेवणार असाल तर भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि पायाखाली विटा द्या. आमची रामायण-महाभारताची चित्रमालिका वाळवीनं बाहेरून शाबूत ठेवून आतून खाल्ली, हातात घेतल्यावर कव्हर तेवढं उरलं. डांबराच्या गोळ्या ठेवा.

हडपसरची_आई | सकाळी ८:१८
डांबर गोळ्या मुलांच्या हाताशी नको हो! कडुलिंबाचा पाला ठेवा वाळवून.

वाळवीग्रस्त | सकाळी ८:२२
पाला आम्हीही ठेवला होता. वाळवीनं पालापण खाल्ला.

मास्तर_रायगडचा | सकाळी ८:३०
वेखंड.

निवृत्त_ग्रंथपाल | सकाळी ८:३१
वेखंड. बरोबर. आणि कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा पुस्तकं काढून झटकायची, तेवढं केलं की निम्मं काम झालं. बाकी वर्गीकरणाचं कोणी बोललंच नाही. ड्यूईच्या दशांश पद्धतीप्रमाणे (विषयाला आकडा देतात ती) मराठी साहित्य ८९१.४६, तुमचा भूगोल ९१०.

निळी_पेन्सिल | सकाळी ९:०२
काका, पाचवीचं पोरगं ८९१.४६ म्हटल्यावर गणिताचा तास समजून पळेल. कण्यावर रंगीत टिकल्या लावा. गोष्टी लाल, विज्ञान हिरवी, चरित्रं पिवळी. नंबर रजिस्टरमध्ये राहू दे.

चार्जवाली_मॅडम | दुपारी १:१५
सगळ्यांचे आभार, डब्याच्या सुट्टीत लिहितेय. एक सांगायचं राहिलं. मुख्याध्यापकांचं म्हणणं, कुलूप काढायचं नाही. हरवलं तर वसुली तुमच्याकडून, असं स्पष्ट म्हणाले. त्यांचं पण चुकतं असं नाही, मागे एका शाळेत असताना त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेत. पण कुलूप ठेवूनच चालवायचं तर १८ हजारांची काय, लाखाची पुस्तकं आणली तरी कपाटातच जातील ना?

निवृत्त_ग्रंथपाल | दुपारी १:४०
कुलूप हवंच. आठवड्यातून एक दिवस वर्गवार उघडा, प्रत्येकाला एक पुस्तक, पुढच्या आठवड्याला परत. मुलांना हात लावू द्यायचा नाही, नाव सांगायचं आणि आपण काढून द्यायचं.

निळी_पेन्सिल | दुपारी २:०५
काका, ज्या मुलानं पुस्तक बघितलंच नाही त्यानं नाव कुठून सांगायचं? तुमच्याच क्षेत्रातले रंगनाथन, ज्यांच्या वाढदिवसाला १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन करतो, त्यांचा १९३१ चा पहिलाच नियम काय आहे? पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आणि ३१ वर्षांत ९ पुस्तकं गेली याचा अर्थ कपाटं फारशी उघडलीच नाहीत असा पण होतो.

निवृत्त_ग्रंथपाल | दुपारी २:१९
हे फार झालं. अर्ध्या पगारात मी रविवारी येऊन शाळा उघडली आहे.

लेखापरीक्षक_नसलेला | दुपारी ३:००
भांडू नका. वसुलीबद्दल एक माहिती देतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम २१५ वाचा. वर्षभरात दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरायचं, अट एवढीच की लबाडी किंवा निष्काळजीपणा नको. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी होते.

कोड_आणि_कांदेपोहे | दुपारी ३:०४
म्हणजे जितकी जास्त देवघेव तितकी जास्त हरवायची मुभा. भारी लॉजिक आहे.

निवृत्त_ग्रंथपाल | दुपारी ३:१०
तो केंद्राचा नियम. खाजगी अनुदानित शाळेला थेट लागू नाही, संस्थेचा ठराव लागेल.

लेखापरीक्षक_नसलेला | दुपारी ३:१२
मग तोच दाखवून ठराव करून घ्या. शिवाय हे पैसे माजी विद्यार्थ्यांचे आहेत, अनुदान नाही. नवीन पुस्तकांचं वेगळं रजिस्टर करा, देणाऱ्यांकडून दोन ओळींचं पत्र घ्या की फाटली-हरवली तरी आमची तक्रार नाही. मुख्याध्यापकांना कागद लागतो हो, बाकी माणूस वाईट नसतो.

हडपसरची_आई | दुपारी ४:३०
मासिकांचं काय ठरलं मग?

चार्जवाली_मॅडम | २३ दिवसांनी, रात्री ८:४७
उशिरा कळवतेय, चाचणी परीक्षा होती. पत्र मिळालं, १९९८ च्या बॅचनं एका संध्याकाळीत व्हॉट्सॲपवर मसुदा करून सह्या करून पाठवलं, वर लिहिलं की आमच्या वेळी पण कुलूपच होतं. ठराव मात्र अजून पुढच्या सभेत.

खर्च सांगते. वेल्डरला बोलावून दोन कपाटांची दारंच काढली आणि मुलांच्या उंचीचे दोन रॅक करून घेतले, ४२०० रुपये. काका, माफ करा. उरलेल्या दोन कपाटांना कुलूप आहे, जुनं दाखल त्यातच, पडताळणी तुम्ही सांगितली तशीच चालू आहे, आत्तापर्यंत १८७ सापडत नाहीयेत. दोन मोठ्या सतरंज्या १६००. मासिक लावलं नाही, सॉफ्टवेअर नाही, टॅब तर नाहीच. ९५०० ची पुस्तकं घेतली पण मी एकही निवडलं नाही. सहा मुलांना तालुक्याच्या ग्रंथप्रदर्शनात नेलं आणि पिशव्या त्यांच्या हातात दिल्या. भुताच्या गोष्टी १४, साप तीन, विनोद, क्रिकेट, आणि आठवीतल्या एका मुलानं पाककृतींचं पुस्तक हट्टानं घेतलं, त्यातला बेसनाचा पोळा घरी करून पण बघितला म्हणे. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेल्या याद्या माझ्या पर्समध्येच राहिल्या. २७०० शिल्लक ठेवलेत, चिकटपट्टी आणि बायंडिंगला.

निवृत्त_ग्रंथपाल | रात्री ९:१०
दारं काढायला नको होती. भुताच्या १४?? वेखंड घातलंत का ते सांगा. किती गेली आत्तापर्यंत?

चार्जवाली_मॅडम | रात्री ९:१८
वेखंड घातलं. आज मोजली, पाच जागेवर नाहीत, चार भुताची आणि एक सापाचं. पण काका एक विचारायचं होतं, काल रॅकवर एक पुस्तक जास्त निघालं. आपलं नाही, आत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का आहे आणि तारीखपत्रकावर १९९४. कोणाच्या तरी घरून आलंय, कोणी कबूल करत नाही. त्याचं काय करायचं?

निवृत्त_ग्रंथपाल | रात्री ९:२१
दाखल करू नका. कोणतं पुस्तक आहे? आत दाखलांक काय आहे तो टाका इथे.