परवानगी असली तरी हात स्वच्छ राहतात का?

ख्रिस्ती माणसाने बळ वापरावं का, युद्धात लढावं का, या चर्चेत वर एकाने येशूचं 'दुसरा गाल पुढे कर' सांगून विषय संपवला आणि लगेच दुसऱ्याने बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय काढला, की अधिकारी उगाच तलवार बाळगत नाही. दोन्ही वचनं आहेतच, आणि मला स्वतःला वाटतं की कुणी निरपराध माणूस डोळ्यांसमोर मारला जात असेल तर बळ वापरून त्याला वाचवणं श्रद्धेच्या विरोधात जात नाही. पण परवानगी आहे म्हणजे पाप नाही, हे मात्र पटत नाही. चौथ्या शतकातले बिशप बेसिल युद्धात मारणं आणि खून करणं यात फरक मानायचे, तरीही अशा सैनिकांचे हात स्वच्छ नसतात म्हणून त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून) लांब राहावं असा त्यांचा सल्ला होता.

याहून ठळक उदाहरण १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं, ज्यात उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन सैन्याने इंग्रजांना हरवलं. त्यानंतर जिंकलेल्या नॉर्मन बाजूच्याच बिशपांनी आपल्याच सैनिकांना प्रायश्चित्त लावलं, मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, जखमी केलेला पुढे मेला की जगला माहीत नसेल तर माणशी चाळीस दिवस, आणि बाण नेमका कुणाला लागला हे तिरंदाजाला कळणारच नाही म्हणून त्यांच्यासाठी वेगळा नियम! पोपच्या प्रतिनिधीनेही यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे लढाई त्यांना न्याय्यच वाटत होती, तरी मेलेला प्रत्येक शत्रू देवासमोर मोजला जात होता. आज 'न्याय्य युद्ध' म्हणताना हा अर्धा भाग आपण सोडूनच देतो, आणि मला तोच जास्त ख्रिस्ती वाटतो.