मदत हवी आहे: १९७६ चं डब्ल्यूपी इंजिनाचं टपाल तिकीट अल्बमच्या पानाला चिकटलंय

नमस्कार मंडळी, आजोबा भुसावळला फायरमन होते, ते गेल्यावर त्यांचा तिकिटांचा अल्बम माझ्याकडे आला. १९३७ चं सहाव्या जॉर्जचं चार आण्याचं मेल ट्रेनवालं, १९५३ चं रेल्वे शताब्दीचं दोन आण्याचं, आणि १९७६ चा चार इंजिनांचा सेट. त्यात २५ पैशांवर डिझेल आहे, बाकी तिन्ही वाफेची, ५० पैशांवर १८९५ चं एफ-वन, २ रुपयांवर १८५३ चं जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) नंबर १ आणि १ रुपयावर डब्ल्यूपी.

आजोबांचा सगळा जीव त्या डब्ल्यूपीवर. आमचं घर तळमजल्यावर, पावसाळ्यात ओल धरते, आणि नेमकं तेच तिकीट मागच्या गमसकट (डिंकासकट) पानाला बसलंय. मिंट आहे, म्हणजे न वापरलेलं. नखाने कोपरा उचलून बघितला तर मागचा पापुद्रा सुटायला लागला, लगेच थांबलो. दुकानात विचारलं तर म्हणाले पाण्यात टाक नाहीतर दुसरं घे, स्वस्त आहे. पण तिकिटाच्या खालीच काळ्या पानावर आजोबांनी पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलंय, "पुढे तारा. ह्याच्यावर मी कोळसा टाकलाय." (तारा म्हणजे इंजिनाच्या नाकावरची चांदणी.) मला तिकीटही हेच हवंय आणि पानही. काय करू?

प्रतिसाद १
दादा आता नख अजिबात लावू नका, पापुद्रा गेला की तिकीट थिन झालं, म्हणजे कागद तिथे पातळ झाला, ते भरून येत नाही. आणि पाण्यात तर मुळीच नको, काळ्या पानाचा रंग उतरून तिकिटात शिरतो. पान मावेल असा घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी पिळलेला ओला टीपकागद, वर जाळी, त्यावर पान. थेंब लागता कामा नये. तासातासाने बघत राहा, कोपरा आपसूक सैल झाला की सपाट चिमट्याने हळूहळू सोडवा, मग गमची बाजू वर ठेवून सुकवा. गमवर थोडी खूण राहील, पण तिकीट वाचेल. आधी एखाद्या साध्या तिकिटावर करून बघा.

धागाकर्ता
खूप आभार! घरी पोळ्यांचा मोठा डबा आहे, उद्याच करतो. अजून एक, ५३ च्या तिकिटावर तांबूस ठिपके आलेत, ते पसरतात का?

प्रतिसाद २
हो, पसरतात. ते तिकीट आजच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि अल्बमच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अल्बम आडवा नको, उभा ठेवा.