मदत हवी आहे: मेससाठी टिल्टिंग पॅन की कॉम्बी ओव्हन? (तातडीचं)

मेसवाला: नमस्कार मंडळी. भाजी, रस्सा, पोहे, उकडणं, सगळं एकाच यंत्रात व्हायला हवंय. टिल्टिंग ब्रेझिंग पॅन (चाक फिरवून कलंडवता येणारी मोठी खोल कढई) घेऊ की कॉम्बी ओव्हन (वाफ आणि गरम हवा दोन्हीवर चालणारा)? विक्रेता कॉम्बीच गळ्यात मारतोय. शनिवारी ऑर्डर द्यायचीय. जुने धागे चाळलेत, त्यांच्या लिंका देऊ नयेत.

तिखटजाळ: माणसं किती? गॅस की वीज? यातलं काहीच लिहायचं नाही आणि उत्तर मात्र शनिवारच्या आत!

केटरिंगकाका: पॅनच घ्या, डोळे मिटून. आमच्याकडे गॅसवरचा १०० लिटरचा आहे. त्यातच फोडणी, त्यातच कांदा-मसाला परतायचा, वरून पाणी आणि बटाटे. झालं की चाक फिरवायचं, रस्सा थेट डब्यात. उकळतं पातेलं दोघांनी फडक्याने धरून उतरवायची कटकट संपली. फक्त १०० लिटर म्हणजे १०० समजू नका. सत्तरच्या वर भरलात तर ढवळताना बाहेर येतं.

सुगरणबाई: पोळ्यांचं काय करता? आम्ही चपाती मशीन घेतलं, फार छान आहे.

तिखटजाळ: ताई, पोळ्यांचं विचारलंय कोणी?

मेसवाला: हॉस्टेल आहे, ३०० मुलं. नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. थ्री फेज आहे बहुतेक.

वायरमन_७७: बहुतेक म्हणजे? वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघा. १८ किलोवॅटचं यंत्र थ्री फेजवरसुद्धा दर फेजला २५ अँपियर ओढतं. गीझर, पंप आणि हे एकदम चालू झालं की मुलं अंधारात जेवतील.

जुनंतेसोनं: यंत्रं कशाला? चांगला आचारी, भट्टी आणि कल्हईची पितळी पातेली. चव बघा मग.

केटरिंगकाका: आधी कल्हईवाला शोधून द्या. आचारी दिवाळीला गावी गेला की येतो कधी, तेही सांगा.

हिरवीवाट: सौर वाफेचा विचार करा ना. शिर्डीच्या प्रसादालयात ७३ सौर डिशांच्या वाफेवर अन्न शिजतं.

तिखटजाळ: त्यांना हॉस्टेल चालवायचंय हो, संस्थान नाही.

बेकरीवाला: कॉम्बीला उगाच नावं ठेवू नका. इडली, ढोकळा, उकडलेले बटाटे, पाव, सगळं ट्रेमध्ये एकदम निघतं, माणूस उभा राहावा लागत नाही.

केटरिंगकाका: आणि फोडणी? ट्रेमध्ये झारा फिरवणार का? रोज उसळ-रस्सा खाणाऱ्या मुलांना कॉम्बी काय कामाचा?

बेकरीवाला: फोडणी बाहेर करून ओता. पोहे तुमच्या पॅनमध्ये जाड थराने केले की खाली लगदा आणि वर कोरडे, ते नाही सांगितलंत.

केटरिंगकाका: दोन घाण्यांत करायचे. त्यात काय एवढं.

वायरमन_७७: पाणी कुठलं? वाफेच्या यंत्रात बोअरचं पाणी गेलं की क्षार बसतात. क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरचा खर्च विक्रेता आधी सांगत नाही.

मेसवाला: बोअरचंच आहे. उन्हाळ्यात टँकर. मग गॅसवरचा पॅनच बघतो. भटारखान्याचं दार अडीच फुटी आहे, आत जाईल ना?

तिखटजाळ: हे आत्ता सांगताय?

केटरिंगकाका: चौकटीच्या आतून मापलंय का? कंपनीकडून पेटीसकट आणि पेटीशिवाय, दोन्ही मापं मागवा. पाय सुटे होतात का तेही विचारा. आमची खिडकी फोडावी लागली होती.