मदत हवी आहे : बंद पडून पुन्हा चालू झालेला लोरावॅन नोड सर्व्हर स्वीकारत नाही

खाडीकाठची :
रत्नागिरीजवळच्या एका कोळंबी प्रकल्पावर तलावातील विरघळलेला ऑक्सिजन मोजून लोरावॅन या कमी विजेत दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओ जाळ्यावरून कळवणारे नोड (छोटी उपकरणे) बसवले असून त्यांच्या सुरक्षिततेवर माझे पीएच.डी.चे काम चालू आहे. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की सौर बॅटरी उतरते, नोड बंद पडतो आणि पुन्हा चालू झाल्यावर त्याचे काहीही सर्व्हर घेत नाही. ‘जुने संदेश नाकारणारी सर्व्हरवरची क्रमांकांची तपासणी बंद करा’ हा सल्ला मला नको आहे. शोधनिबंधाची मुदत तोंडावर आली आहे, कृपया लवकर सांगावे.

नोंदवही :
नोड ओटीएए पद्धतीने (सर्व्हरकडे जोडणी मागून नव्या कूटकिल्ल्या घेणे) जोडला जातो की एबीपी (किल्ल्या आधीच भरून ठेवणे)? लोरावॅनची आवृत्ती कोणती? सर्व्हरच्या लॉगमध्ये नाकारण्याचे कारण काय दिसते? हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल.

सड्यावरचा :
एबीपीच असणार. त्यात किल्ल्या कायमच्या असतात. नोड पुन्हा चालू झाला की संदेशांचा क्रमांक शून्यावर येतो आणि सर्व्हर तो जुना समजून टाकून देतो. तपासणी बंद केली, तर ‘ऑक्सिजन पुरेसा आहे’ असा दुपारी पकडलेला संदेश कोणीही पहाटे पुन्हा पाठवू शकेल, आणि तलावातील ऑक्सिजन नेमका पहाटेच सर्वांत खाली जातो. मग पाण्यात हवा मिसळणारा एरेटर सुरूच होणार नाही. शिवाय त्याच किल्ल्या व तेच क्रमांक पुन्हा वापरले गेल्यामुळे दोन संदेश एकमेकांशी ताडून मजकूर उलगडता येतो, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात.

हलके_कूट :
मूळ दुखणे एईएस-१२८ या कूटपद्धतीचे आहे. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने २०२३ मध्ये छोट्या उपकरणांसाठी अ‍ॅस्कॉन ही कूटपद्धत निवडली आहे, ती वापरावी.

सड्यावरचा :
असहमत. कूटपद्धत कितीही चांगली असली तरी क्रमांकाची तपासणी नसेल, तर पकडलेला संदेश जसाच्या तसा पुन्हा चालतो. शिवाय लोरावॅनच्या मानकात एईएसच ठरलेले आहे. नोडमध्ये परस्पर बदल केल्यास सर्व्हरला तो संदेश ओळखताच येणार नाही.

बंदरपट्टी :
अँटेनाच्या खांबाला ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलच वापरा. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही.

खाडीकाठची :
खांब उत्तम स्थितीत आहे. जोडणी ओटीएए, आवृत्ती १.०.४. लॉगमध्ये ‘हा डेव्हनॉन्स (जोडणी-विनंतीसोबत जाणारा आकडा) आधीच वापरलेला आहे’ असे येते.

नोंदवही :
मग उलगडा झाला. १.०.३ पर्यंत डेव्हनॉन्स यादृच्छिक असे, १.०.४ मध्ये तो चढता क्रमांक असून वीज गेली तरी नोडने तो लक्षात ठेवणे बंधनकारक आहे. तुमचे फर्मवेअर (नोडमधला प्रोग्राम) तो केवळ वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये ठेवत असणार, त्यामुळे नोड दर वेळी शून्यापासून जोडणी मागतो. तो वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीमध्ये जतन करा. जोडणी क्वचितच मागितली जात असल्याने वारंवार लिहून फ्लॅश झिजण्याची भीती नाही.

सड्यावरचा :
सर्व्हरवर जुने डेव्हनॉन्स विसरण्याची सोय असते. ती आता अडकलेले नोड जोडून घेण्यापुरती वापरा आणि लगेच बंद करा. ती चालू राहिली, तर पकडलेली जुनी जोडणी-विनंतीही पुन्हा स्वीकारली जाईल.

नोंदवही :
आणि क्रमांक विनंती पाठवण्याआधी लिहा, नंतर नव्हे. उतरलेल्या बॅटरीवर रेडिओ चालू होताच व्होल्टेज कोसळते आणि नोड पुन्हा बंद पडतो. तेवढ्यात विनंती गेलेली असेल व क्रमांक लिहायचा राहिला असेल, तर पुढच्या वेळी तोच जुना क्रमांक पाठवला जाईल.