इंजिन बदललं तरी तीन नंबर मिस मारतोच: सहाही इंजेक्टर कशाला बदलायचे?

रेलप्रेशर
‘सहा सिलिंडर कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना कायम दाबाखाली डिझेल) ट्रकमध्ये वापरलेलं इंजिन बसवलं, आयडलला तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतो, नीट पेटत नाही. सहाही इंजेक्टर बदला, तरी नाही गेलं तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदला’ हा सल्ला वाचून राहवलं नाही. नव्या इंजिनाबरोबर काय आलं आणि गाडीत जुनं काय राहिलं, हे एकानेही विचारलेलं नाही. ईसीएम जुनाच आहे, म्हणजे त्यात जुन्या इंजेक्टरांचे कोड (किती डिझेल सोडायचं ते जुळवायला प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला आकडा) आहेत. वायरिंग, अर्थिंगच्या पट्ट्या, टाकीपासूनचे डिझेलचे होसही जुनेच.

आधी स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून बघा. ज्याला बंद केल्यावर आरपीएम पडत नाही, तो मेलेला. मग धूर बघा. पांढरा धूर आणि डिझेलचा उग्र वास म्हणजे डिझेल जातंय पण जळत नाही. मिसिंग आहे आणि धूरच नाही, तर बहुधा डिझेलच जात नाही. एवढं कळल्यावर तीनचा इंजेक्टर पाचला आणि पाचचा तीनला लावा, आणि कोडही ईसीएममध्ये अदलाबदल करा. कॉपर वॉशर नवे घ्या, जाडी तीच ठेवा. वॉशर जाड झाला तर नोझल वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही. मिसिंग पाचला गेलं तर इंजेक्टर खराब. तीनलाच राहिलं तर इंजेक्टरवर पैसे घालू नका.

टप्पेट
कोड चुकला तर आयडल खडबडीत होतं, सिलिंडर मरत नाही. तुम्ही कोडापासून सुरुवात करून लोकांना भलतीकडे नेताय. वापरलेलं इंजिन महिनोन्‌महिने पडून असतं. व्हॉल्व्हच्या सीटवर गंज चढतो, रिंग चिकटतात. आधी टप्पेट कव्हर उघडा आणि व्हॉल्व्हवरचा गाळा फीलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. मेकॅनिकल पंपाच्या कमिन्स ६बीटीला थंड इंजिनावर इनटेक ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी लागतं, तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकातून घ्या. गाळा शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातल्या दाबलेल्या हवेचा दाब) निसटतं. मग कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर इंजेक्टर दहा वेळा फिरवून काय मिळणार?

जुना पाना
एवढा खटाटोप कशाला? ६बीटीचं नाव निघालंच आहे. चालू इंजिनावर इंजेक्टरच्या एकेक पाईपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. ज्याच्याने आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. मिनिटभराचं काम. स्कॅनर आल्यापासून कान वापरायचेच सोडलेत लोकांनी.

रेलप्रेशर
हा सल्ला इथून काढा. आत्ता. मेकॅनिकल पंपावर हे चालतं, कारण तिथे त्या एका पाईपात ठोका येतो तेवढ्यापुरताच दाब असतो. कॉमन रेलला आयडललाच ३०० बारच्या आसपास दाब कायम असतो, लोडवर १६०० आणि त्याच्याही वर. ढिल्या नटातून निघणारी डिझेलची धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, आत मांस सडायला लागतं. दुखलं नाही तरी तासाभरात सर्जनकडे जावं लागतं. इंजिन बंद केल्यावरही किमान १० मिनिटं थांबून मगच नटाला पाना लावा. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही.

जुना पाना
ओरडू नका. मेकॅनिकल पंपावर मी म्हणतो ते बरोबरच आहे.

हार्नेस
बरोबर आहे, पण विचारणाऱ्याचं इंजिन कॉमन रेल आहे, आणि मुद्दा तिथेच संपतो. पाईप नाही तर चालू इंजिनावर इंजेक्टरच्या तारांचा प्लग काढून बघतो, असंही कोणी करू नका. इंजेक्टरच्या तारांत व्होल्टेज ५० व्होल्टच्या वर जातं. शिवाय बऱ्याच ईसीएममध्ये सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत असतात. एक तार बॉडीला लागली तर तिघेही एकदम जातात. एकच मेला असेल तर त्याच्या दोन तारा, प्लगची पिन आणि कॉइल तपासा. कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेक ठिकाणी १ ओहमच्याही खाली असतो. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवा आणि येईल तो आकडा वजा करा, नाहीतर चांगला इंजेक्टर खराब ठरवाल.

आणि अर्थिंग! इंजिन उतरवताना ब्लॉकची पट्टी काढतात आणि बसवताना रंगावरच आवळतात. सेल्फ मारताना ब्लॉक ते बॅटरीचा निगेटिव्ह ०.२ व्होल्टच्या वर दिसला, तर पट्टीखालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडा. दर वेळी हेच सांगावं लागतं.

टप्पेट
अर्थिंग खराब असतं तर एकटा तीन नंबरच का मेला असता? सगळेच लटपटले असते.

हार्नेस
हो, हे मान्य. एकाच सिलिंडरसाठी अर्थिंग शेवटी बघा. पण तीन नंबर कधी मेलेला, कधी चालू असा खेळ असेल, तर इंजिन हलताना ताणली जाणारी तार आधी बघा. इंजिनाबरोबर ब्रॅकेट बदलला असेल तर हार्नेस (तारांची जुडी) ओढला जाऊ शकतो.

रेलप्रेशर
टप्पेटचं एक घेतो. फीलर गेजला अर्धा तास लागतो, इंजेक्टर फिरवायला अर्धा दिवस. तर टप्पेट आधी. पण कॉम्प्रेशनच्या आधी रिटर्न (इंजेक्टरातून टाकीकडे परतणारं डिझेल) मोजा. सहा इंजेक्टरांच्या रिटर्नला सहा सारख्या बाटल्या लावा, इंजिन मिनिटभर आयडलला ठेवा. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. कनेक्टर ट्यूबवाल्या (आडव्या नळीतून इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या) हेडमध्ये मात्र लगेच इंजेक्टरला दोष देऊ नका. ट्यूब हलकी टेकवायची, मग इंजेक्टरचा क्लॅम्प आवळायचा, मग ट्यूबचा शेवटचा टॉर्क. क्रम चुकला की ट्यूब इंजेक्टरवर तिरकी बसते, तिथून दाब रिटर्नला जातो आणि तोच सिलिंडर आयडलला मरतो. वापरलेल्या इंजिनाचे इंजेक्टर कोणीतरी काढून पुन्हा बसवलेले असतील, तर हे आधी तपासा.

टप्पेट
क्रमाचं म्हणणं पटलं. पण तीन नंबर इंजिन थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी मरत असेल, तर मी कॉम्प्रेशन सोडत नाही.