मुलगा रिझर्व्हजमध्ये शिकतोय की नुसता जागा भरतोय?

पेठेतला_मेलबर्नकर

नमस्कार मंडळी. प्रश्न फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा आहे, भारतातल्यांनी सांभाळून घ्या. गोल चेंडूचा फुटबॉल नव्हे हा. चेंडू लांबट, मैदान लंबगोल, एका बाजूला अठरा जण, आणि चेंडू हातात घेऊन पळायलाही मुभा.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. तालमीची टीम हरली की रात्री घरात कुणी जेवायचं नाही, असल्या घरातला. सतरा वर्षं झाली, मेलबर्नच्या पश्चिमेला राहतोय. पोरगं नऊ वर्षांचं असताना शाळेतून लाल चेंडू काखेत मारून आलं, त्या दिवसापासून आमच्याकडं गोल चेंडू बंद.

आता तो एकोणीसचा आहे. गेल्या वर्षी टॅलेंट लीगमध्ये, म्हणजे होतकरू पोरांच्या स्पर्धेत खेळला, मिडफील्डला. एएफएल ही इथली सगळ्यात वरची लीग, तिचे क्लब नवी पोरं निवडतात तो ड्राफ्ट. त्यात नाव आलं नाही. मग एका एएफएल क्लबाच्या रिझर्व्हजनं, म्हणजे दुसऱ्या टीमनं, उन्हाळ्यात सरावाला बोलावलं आणि व्हीएफएलच्या, म्हणजे एक पायरी खालच्या लीगच्या, यादीत घेतलं. आम्ही पेढे वाटले. क्लबाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे.

पहिल्या तीन मॅच खेळवला. चौथ्या आठवड्यात वरच्या टीमचे चौघं दुखापतीतून बरे होऊन आले, आणि गुरुवारी संध्याकाळी याला मेसेज: शनिवारी लोकल क्लबाकडून खेळ. खेळला. मी बाउंड्रीला उभा राहून वहीत रेघा मारतो, जुनी सवय आहे. ३१ वेळा चेंडू मिळाला, वर दोन गोल. त्या मैदानावर त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. पुढच्या आठवड्यात परत व्हीएफएलला घेतला, पण मिडफील्डला नाही, हाफबॅकला, म्हणजे मागं बचावात. नऊ रेघा. त्याच्या पुढच्या मॅचला अकरा. घरी येताना गाडीत अवाक्षर नाही. कोच म्हणे, "चेंडूच्या मागं पळणं आधी बंद कर." मग मैदानात काय रांगोळी काढायची?

लोकल क्लब सीनियरला घ्यायला एका पायावर तयार आहे, मॅचमागं पैसेही देतोय. मिसेसचं म्हणणं, युनिव्हर्सिटी आहे, आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, पेट्रोल आपलं, आणि खेळायला मिळतंय निम्मंच. मला एवढंच कळत नाही की पोराला घडवतायत की नुसती खोगीरभरती चाललीय. यातून कुणी गेलंय का?

टार्नीटची_चाळ

दादा, सरळ लोकलला घाला. पैसे मिळतात, मित्र असतात, मॅच संपल्यावर बार्बेक्यू असतो. ड्राफ्टमधून एकदा सुटलेलं पोर पुन्हा कोण उचलतंय? माझा भाचा दोन वर्षं असाच थांबला, शेवटी गुडघा घेऊन बसला.

पाणीवाला

पेठकर, मी नऊ वर्षं एका व्हीएफएल क्लबात मैदानावर पाणी पोचवतो. आठवडाभर लोकांचे टॅक्स रिटर्न, शनिवारी हातात बाटल्यांचा कॅरिअर. पैसे मिळत नाहीत, एक जाकीट मिळतं. पण क्वार्टर संपल्यावर पोरं कोंडाळं करून उभी राहतात तेव्हा मी त्यांच्या मधोमध असतो. कोच काय बोलतो ते बाउंड्रीवरच्या आईबापांना ऐकू येत नाही, मला येतं.

आधी डच्चूचं बघू. एएफएल क्लबाच्या यादीत चाळिसाच्या वर खेळाडू असतात. वरच्या मॅचला लागतात २३. उरलेल्यांतले दुखापतवाले वजा केले की दहा-पंधरा जण रिझर्व्हजला उतरतात, आणि त्यांना खेळवावंच लागतं, कारण क्लबानं पैसा त्यांच्यावर लावलेला असतो. त्यातून ज्या जागा उरतात त्या तुमच्या मुलासारख्या पोरांच्या. वर एखाद्याची मांडी आखडली की खाली एक जागा उघडते, वर चौघं बरे झाले की चार जागा गेल्या. तुमचा मुलगा त्या आठवड्यात कसा खेळला याचा तिथं काडीचा संबंध नाही. पूर्वी व्हीएफएलच्या खाली डेव्हलपमेंट लीग होती, तीही २०१७ च्या सीझननंतर बंद झाली. तेव्हापासून ज्याचं नाव लागलं नाही तो लोकल क्लबात जातो. त्याला शिक्षा समजू नका, पाठवायला दुसरी जागाच उरलेली नाही.

आता हाफबॅक. टॅलेंट लीगमध्ये जो आधी चेंडूपाशी पोचतो तो राजा. व्हीएफएलमध्ये सगळेच पोचतात, आणि त्यातले निम्मे पंचविशीतले, अंगानं भरलेले. तिथं नुसतं पोचून भागत नाही, कुठून पोचलास ते बघतात. मिडफील्डमध्ये चहूबाजूंनी माणसं अंगावर येतात, पोराला काही दिसत नाही. हाफबॅकला सगळा खेळ समोर असतो. आपला माणूस कधी सोडायचा, कधी नाही, हे तिथंच कळतं. चांगल्या मिडफील्डरला तिथं उभा करतात तो बहुतेक वेळा डोळे उघडायला.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडं असंच एक पोरगं होतं, मिडफील्डमधून मागं आणलेलं. हाफटाइम, आम्ही पाच गोलांनी मागं. मला वाटलं आता भांडी आदळणार. कोचनं स्कोअरचं नावही काढलं नाही. व्हाइटबोर्डवरचं एक लोहचुंबक दोन बोटं मागं सरकवलं आणि पोराला विचारलं, "बॉल-अपच्या वेळी तू इथं होतास की इथं?" (पंच चेंडू उंच उडवून खेळ परत सुरू करतो, तो बॉल-अप. लाथेनं आलेला चेंडू हवेतच झेलला की तो मार्क.)

"पुढं."

"मग त्यांच्या माणसाला मार्क कुणी दिला?"

"मी."

एवढंच. दुसऱ्या कुणाशी तो बोललासुद्धा नाही. तिसऱ्या क्वार्टरला चेंडू परत तसाच उंच आला. पोरगं आता आठेक मीटर मागं, गोलच्या बाजूला. त्याला चेंडू लागलाच नाही. पण तो वाटेत उभा आहे म्हणून त्यांच्या आडदांड फॉरवर्डला वळसा घ्यावा लागला, अर्धा सेकंद गेला आणि आमच्या दुसऱ्यानं मार्क घेतला. बेंचवर बॅकलाइनच्या कोचनं मांडीवर थाप मारली. माझ्या शेजारच्या ट्रेनरनं विचारलं, "काय झालं?" त्यालाही दिसलं नव्हतं. पेठकर, तुमच्या वहीत तो शून्य आहे.

करायचं काय? तुम्ही कोचला फोन करू नका. एकोणीस वर्षांच्या पोराचा बाप फोन करतो, हे इथं बरं दिसत नाही. मुलाला एवढंच विचारा, मॅचनंतर तुला तुझ्या क्लिपा येतात का, आणि त्यावर कुणी बसून बोलतं का. येत असतील, बोलत असतील, तर गप्प राहा, पेट्रोल घाला. पाच-सहा आठवडे कुणी ढुंकूनही बघितलं नसेल तर तुमची शंका खरी, सीझन संपला की बाहेर पडा.

पण बाहेर पडायचं म्हणजे लोकललाच जायचं असंही नाही. वेरिबी, विल्यम्सटाउन, पोर्ट मेलबर्न, कोबर्ग, फ्रँकस्टन हे व्हीएफएलचेच क्लब, पण कुठल्या एएफएल टीमचे रिझर्व्हज नाहीत. तिथं वरून कुणी उतरत नाही, जागा कमावली की आपली. मायकल बार्लो वेरिबीतूनच एएफएलच्या फ्रीमँटलला गेला, २०१० मध्ये पहिल्या मॅचपासून धमाल. शॉन मॅनाचं तर ताजंच आहे. २०२३ च्या व्हीएफएल फायनलला वेरिबी हरली, पण यानं सहा गोल मारून नॉर्म गॉस मेडल, म्हणजे फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, नेलं आणि २६ व्या वर्षी जिलाँगनं त्याला ड्राफ्ट केला. टॉम स्टुअर्ट जिलाँगच्या व्हीएफएल टीममधून २०१६ ला २३ व्या वर्षी गेला, आणि हाफबॅकचंच सोनं केलं. शिवाय २०१९ पासून सीझनच्या मध्यात ड्राफ्ट असतो. त्यामुळं ताई किंवा दादा, "सुटलेलं पोर कोण उचलतंय" हे तितकंसं खरं नाही. भाच्याच्या गुडघ्याचं वाईट वाटलं.

आणि लोकल क्लब कुठं पळून जात नाही. लोकल लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला गुण लावतात आणि टीमच्या एकूण गुणांना मर्यादा असते. स्वतःच्या ज्युनियरमध्ये वाढलेल्या पोराचा त्यात एकच गुण धरतात, त्यांना तो कधीही परवडतो.

टार्नीटची_चाळ

ताई आहे. गुडघा अजून दुखतोच. पण बार्बेक्यूवर मी ठाम आहे.

जुना_फूटस्क्रेकर

मी १९८४ साली इथं आलो, त्यामुळं म्हाताऱ्याचा हक्क बजावतो. तेव्हा एकाच मैदानावर सकाळी अंडर-१९, मग रिझर्व्हज, दुपारी सीनियर. रिझर्व्हजची शेवटची क्वार्टर चालू असतानाच लोक हातात मीट पाय (खिम्याची पेस्ट्री) घेऊन जागा धरायचे. पोराचा कोच आणि सीनियरचा कोच एकाच गॅलरीतून बघायचे, निरोप पोचायला पाच पावलं. १९९१ नंतर अंडर-१९ गेली, १९९९ ला रिझर्व्हजची स्वतंत्र स्पर्धाही संपली आणि २००० पासून सगळं व्हीएफएलमध्ये ओतलं. माझ्या मते तिथं मधली भिंत उभी राहिली.

आमचे बुलडॉग्ज, म्हणजे फूटस्क्रेचा एएफएल क्लब, २००८ ते २०१३ विल्यम्सटाउनशी जोडलेले होते, रिझर्व्हजची पोरं तिकडून खेळायची. विल्यम्सटाउन जुना, स्वाभिमानी क्लब, त्यांना शनिवारी जिंकायचं असणार. आम्हाला पोरं घडवायची होती. दोघांचंही बरोबरच, पण मधल्यामध्ये पोराला दोन भाषा शिकाव्या लागायच्या. २०१४ ला फूटस्क्रे नावानं स्वतःची टीम पुन्हा उभी केली आणि पहिल्याच वर्षी व्हीएफएल जिंकली. २०१६ ला तर २५ सप्टेंबरला फूटस्क्रेनं व्हीएफएल नेली आणि १ ऑक्टोबरला सीनियरनं एएफएल, १९५४ नंतर पहिल्यांदा. सातव्या नंबरवरून! त्या वर्षी दुखापतींनी आमचं कंबरडं मोडलं होतं. कॅप्टन मर्फी तिसऱ्याच राउंडला गेला. पण खालून येणाऱ्याला वर काय करायचं ते आधीच पाठ असायचं. मी त्या रात्री बार्कली स्ट्रीटवर रडलो, हे घरी सांगू नका.

आणि मार्लियन पिकेट. २०१९, वय २७. मिड-सीझन ड्राफ्टमधून रिचमंडला आला, रिझर्व्हजसोबत व्हीएफएल फायनल जिंकला, मैदानातला सर्वोत्तम ठरला, आणि पुढच्याच शनिवारी एएफएल ग्रँड फायनलमध्ये पदार्पण. १९५२ नंतर फायनलला पदार्पण करणारा पहिलाच. त्याला वर नव्यानं काही समजावून सांगावं लागलं नसणार.

म्हणून पेठकर, आणखी एक बघा. रिझर्व्हज वरच्या टीमसारखीच खेळते का? दोन्ही मॅच लागोपाठ बघा. किक-इन, म्हणजे गोल हुकल्यावर मागून चेंडू परत खेळात आणणारी किक, कुठं मारतात, विंगवाला, म्हणजे कडेचा खेळाडू, किती रुंद उभा राहतो. सारखं दिसलं तर पोरगं चांगल्या घरात आहे.

पेठेतला_मेलबर्नकर

सगळ्यांचे आभार. पाणीवाले, तुम्ही सांगितलं तसं काल जेवताना विचारलं. पोरगं म्हणतं, "येतात की. दर सोमवारी." मला कधी दाखवल्याच नव्हत्या! म्हणे, तुम्ही वही काढून बसता.

सोफ्यावर बसून बघितल्या. चौदा क्लिपा, प्रत्येकीखाली कोचची एक ओळ. एकीत हा चेंडूपासून तीस मीटर लांब, हात वर करून दुसऱ्या कुणाला तरी मागं ढकलतोय, आणि खाली लिहिलंय, "हेच. दर वेळी हेच." मी तीनदा मागं नेऊन बघितलं. याची रेघ वहीत कुठं मारायची, सांगा.

जुने फूटस्क्रेकर, शनिवार-रविवार दोन्ही मॅच बघितल्या. किक-इन अगदी तस्सेच आहेत. विंगचं मला अजून नीट दिसत नाही, सवय होईल.

लोकलच्या पैशाचं पोरानंच "सीझन संपू दे" म्हणून सांगितलंय. मिसेसचं मन पूर्ण वळलेलं नाही. जूनच्या परीक्षेत एक जरी विषय गेला तर बूट माळ्यावर, असं ठरलंय, आणि ती बोलते ते करते.

आता एक शेवटचं. घोट्याला बांधायची ती पांढरी टेप आठवड्याला दोन रोल संपतेय. स्वस्त कुठं मिळते?

पाणीवाला

विकत कशाला घेताय? मॅचच्या दीड तास आधी ट्रेनरच्या खोलीत गेलं की क्लबच बांधून देतो, सरावालाही. पोरगं लाजत असेल. पहिल्या वर्षी सगळी लाजतात, दारात उभी राहतात आणि नंबर लावत नाहीत. त्याला म्हणावं, सरळ टेबलावर पाय ठेव.